रविवारचं शहाळं

तुम्ही आजारी माणसाला बघायला जाता तेव्हा हातात काय घेऊन जाता?

आमच्या मालवण-कुडाळच्या पट्ट्यात या प्रश्नाचं उत्तर लहान मूलही देईल. शहाळी. पिशवीत दोन, नातं जवळचं असेल तर चार. ज्याच्या परसात माड नाही तो शेजाऱ्याकडून काढून घेतो, पण रिकाम्या हातांनी आजाऱ्याच्या अंगणात शिरत नाही. बाळंतिणीला, तापकऱ्याला, पाय मोडलेल्याला, ऑपरेशन होऊन घरी आलेल्याला, सगळ्यांना तेच. मीही तेच नेत आले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी त्यावर पत्रक काढलं.

आमच्या घरात पत्रकं निघत. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात चळवळीत. दारूविरुद्ध, खाणींविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, त्या वर्षी जे पुढ्यात असेल त्याविरुद्ध. ताई आणि मी शाळेतून आलो की पडवीत बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. तळेऱ्याच्या तिठ्यावर देवगडची आणि विजयदुर्गची एसटी थांबली की खिडक्यांतून पत्रकं आत द्यायची, हे माझं सुट्टीतलं काम. ताईला लोकांपुढे जायला नको असायचं. "तू वाट. मी घडये घालतंय," म्हणायची, आणि तिच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ असायच्या.

बाबांचा एक नियम होता. पत्रकात 'कदाचित', 'शक्यतो', 'काही वेळा' हे शब्द येता कामा नयेत. "वाचणारो उभो आसता," ते सांगायचे. "तेची एसटी सुटतली. तेका एकच गोष्ट सांग, आणि ठाम सांग."

मोठी झाल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले. एका वर्षी माझ्या लक्षात आलं की आजाऱ्याला भेटायला जाणारे लोक रंगीत पेयाच्या बाटल्या आणि खोक्यातले रस नेऊ लागलेत. परसात माड उभा आणि हातात प्लास्टिकची बाटली. मला राग आला आणि एका बैठकीत पत्रक लिहून झालं. मथळा होता, 'आजाऱ्याला बाटली नको, शहाळं द्या'. खाली साखरेबद्दल चार ओळी, कंपन्यांबद्दल सहा ओळी, आणि शेवटी ठळक अक्षरांत एक वाक्य: 'शहाळं कुठल्याही आजारात चालतं.'

ते वाक्य मी कुठल्याही डॉक्टरला दाखवलं नव्हतं. दाखवायचं सुचलंही नाही. ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊकच असतं. बाबांनी पत्रक दोनदा वाचलं आणि एकही शब्द बदलला नाही. ते औषधांच्या दुकानांत लागलं, केशकर्तनालयांत लागलं, सावंतवाडीच्या बाजारात वाटलं गेलं, कुणी कुणी घरच्या भिंतीवर कालनिर्णयाच्या शेजारी लावलं. माझं दुसरं कुठलंच पत्रक इतकं टिकलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर ताईच्या मुलीचं तोंड सुजायला लागलं.

ताई वालावलला दिलेली. भावोजी ओमनी गाडी चालवतात, प्रवासी भाडी करतात. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. सकाळी उठली की डोळे बारीक आणि गाल वर आलेले. वाडीतले लोक म्हणाले, चेडू बरा भरला. ताईलाही बरं वाटलं, कारण पोरगी लहानपणापासून किरकोळ. मग पायही सुजले, ती वर्गात झोपू लागली, आणि कुडाळला रक्त तपासलं तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या जन्मापासूनच लहान होत्या आणि आता जवळजवळ थांबल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितलं, हिला डायलिसिस लागेल, आणि पुढे कुणाची तरी किडनी.

डायलिसिस म्हणजे रक्त नळीने बाहेर काढायचं, यंत्रातून गाळायचं आणि परत आत सोडायचं. चार तास लागतात. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. आपल्याही जिल्ह्यात यंत्रं आहेत, मी आत जाऊन पाहिली आहेत. तिथला तंत्रज्ञ भला माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली आणि सांगितलं, "ताई, यंत्र तेच हो. पण मुलांचा फिल्टर लहान असतो, नळ्या लहान असतात, आणि मध्येच मुलाचं प्रेशर पडलं तर बघायला मुलांचा किडनीचा डॉक्टर लागतो. मोठ्या माणसाच्या मापात हिला बसवून मी कसा बघू?"

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. राग कुठे न्यायचा ते मी शोधलं. अर्ज लिहिला, सह्या घेतल्या, दोन कार्यालयांत पोचवला. विषय विचाराधीन असल्याचं पत्र आलं. ते अजून विचाराधीन आहे. मुलांच्या मापाचं सामान आणि एक डॉक्टर, एवढं या किनाऱ्यावर असायला हवं, असं मी तेव्हा लिहिलं होतं आणि आजही म्हणते. तोवर आमची मुलगी दर आठवड्याला तीनदा राज्याची हद्द ओलांडून गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात जाते.

पहाटे पाचला ओमनी निघते. मागच्या सीटवर ती उशी घेऊन आडवी, पायांशी ताई. मी आठवड्यातून एकदा तरी बरोबर जायचे, म्हणजे ताईला परतताना डोळा लागला तरी चालेल. मुलांच्या वॉर्डात चार खाटा, भिंतीवर मासे रंगवलेले, टीव्हीवर कार्टून. पोरं टोचून घेताना फार रडत नाहीत. सवय होते, आणि या सवयीबद्दल कुणी कौतुक केलं की मला ते आवडत नाही. आमच्या मुलीला सुईचं काही वाटत नसे. चिकटपट्टी ओढून काढलेली मात्र खपत नसे. "मी काढतलंय. हात लावू नको," असं ती सिस्टरला बजावायची, आणि सिस्टर खरंच हात मागे घेऊन उभी राहायची. गोव्याची ती बाई, बोलायची कोंकणीत, "काड गो बाये, सवकास काड." चार तासांत मुलीच्या ताब्यात तेवढी एकच गोष्ट होती आणि सिस्टरला ते कळत होतं.

डायलिसिससाठी तिच्या डाव्या हातावर छोटं ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. तिथे हात ठेवला की आत सतत थरथर लागते. शाळेत ती मंगळवार, गुरुवार, शनिवार जायची. पहिल्या आठवड्यात पोरांनी रांग लावून तो हात तपासला.

"मेल्या, हिच्या हातात मोबाईल आसा. वाजता बघ."

"उचल मगे. तुझ्या आवशीचो फोन आसतलो."

हे तिने घरी येऊन आम्हाला सांगितलं. मग म्हणाली, "मी तेंका सांगलंय, आत म्हवाची माशी आसा. जास्त दाबलास तर चावतली." त्यानंतर त्या मधमाशीला कोणी दाबलं नाही.

सगळ्यांत अवघड पाणी होतं. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे जे प्यायचं ते अंगातच राहणार, म्हणून दिवसाचं पाणी मोजून. पहिल्या महिन्यात ताई कपाळाला हात लावून बसायची. चहा किती, आमटी किती, गोळीबरोबरचं किती, तिला डोक्यात बेरीज ठेवता येईना. मग वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आईने तिला एक युक्ती दिली. ती बंदरावरच्या मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरातली, वेंगुर्ल्याकडची. आमची मुलगी तिला खाला म्हणायची.

"डोक्यात कित्याक ठेवतंस?" खाला म्हणाली. "बाटलीत ठेव. सकाळी दिसाचा पाणी एका बाटलीत भर. चेडू चाय पियाला, तर तेवढाच पाणी बाटलीतना काडून टाक. बाटली संपली, दीस संपलो."

ती बाटली आमच्या घरातली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू झाली. निळ्या झाकणाची, अर्ध्या लिटरची, वरच्या बाजूला नेलपॉलिशची लाल रेघ. त्या रेघेपर्यंत एक दिवस. मुलीने ताईच्या हातून ते काम काढून घेतलं. चहा प्यायली की स्वतः उठायची, चहाचा कप बाटलीतल्या पाण्याने भरायची आणि तुळशीत ओतायची. कधी फसवलं नाही. एकदा भावोजींनी गंमत म्हणून विचारलं, "भेंड्याची भाजी खाल्लंस, तेतला पाणी काडलंस काय?" तर ती खरंच विचार करत बसली.

स्वयंपाकही बदलला. भाज्यांत, फळांत पोटॅशियम नावाचा एक क्षार असतो. चांगली किडनी जास्तीचा बाहेर टाकते. किडनी थांबली की तो रक्तात साठतो आणि साठला की हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. म्हणून भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. भाजीचं पाणी टाकू नये हे ताई आणि मी आईकडून शिकलो होतो. ताईने ते विसरायला शिकून घेतलं. केळं बंद, फणस बंद, आंब्याच्या दिवसांत घरात आंबा आणायचाच नाही. इस्पितळातून मिळालेली यादी तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

सिस्टर दर शुक्रवारी निघताना एकच सांगायची, "आयतार सांबाळात." रविवार सांभाळा. कारण सोमवार ते बुधवार, बुधवार ते शुक्रवार मध्ये एकेकच मोकळा दिवस येतो, पण शुक्रवारी दुपारी रक्त गाळलं की सोमवार सकाळपर्यंत काही नाही. रविवारी संध्याकाळी अंगात सगळं सर्वांत जास्त साठलेलं असतं.

आणि भेटायला लोक रविवारीच येत. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आम्ही गोव्यात, मधल्या दिवशी तिची शाळा. रविवारी नऊपासून अंगणात चपला. प्रत्येकाच्या पिशवीत दोन शहाळी.

ताई ती दोन्ही हातांनी घ्यायची. "कित्याक गो काकी, एवढा," म्हणायची, आत नेऊन ठेवायची. माणसं गेली की ती भावोजी प्यायचे, मी प्यायचे, उरलेली गोठ्याकडे जायची. हिला चालत नाही, हे तिने कुणालाही सांगितलं नाही. कोणी आपल्या माडाचं शहाळं, माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या पाया पडून काढून घेतलेलं, दोन मैल चालत आणलेलं, त्याला दारात कसं सांगायचं की हे विष आहे? त्यामुळे वाडीचा समज असा झाला की मुलगी आमची शहाळी पिते आणि तिला त्याने बरं वाटतंय. समोरच्या घरातली काकी तर सरळ म्हणायची, "आमच्या माडाच्या पाण्यान चेडवाच्या तोंडार तेज इला." ताई हसायची.

तेवढ्यात ताईच्या तपासण्या पूर्ण झाल्या. तिची किडनी मुलीला जुळत होती. डॉक्टरांनी सांगितलं की आता मुलीने ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नीट पोचायला हवं. रक्त स्थिर, हृदय स्थिर, कुठे संसर्ग नाही. दोन महिने असे गेले की तारीख देऊ. ताईने बाटलीची रेघ नव्याने रंगवली.

या दोन महिन्यांतल्या तिसऱ्या रविवारी भावोजींच्या चुलत्यांचं बारावं होतं, कणकवलीच्या बाजूला. दोघांना जावंच लागलं. मुलीकडे मी थांबले. ताईने जाताना सांगितलं, पेज काढून ठेवली आहे, भाजी भिजत घातली आहे, गोळ्या डब्यात आहेत, बाटली भरलेली आहे. "आणि काय लागला तर कपाटावरची यादी बघ." मी म्हटलं, बघते.

ती यादी मी वाचली नव्हती. पाच महिने त्या घरात येत-जात होते, कपाट उघडत होते, साखर काढत होते, आणि यादी वाचली नव्हती. केळं नको, आंबा नको, एवढं ऐकून माहीत होतं, आणि ताई शहाळी का देत नाही तर पाणी मोजायचं म्हणून, असं मीच ठरवून टाकलं होतं. लोकांनी वाचावं म्हणून तिठ्यावर उभी राहणारी मी.

दहाच्या सुमारास काकी आली. शहाळी तिच्या घरीच सोलून, वरचं तोंड कोयत्याने उडवून, दोन्ही हातांत धरून आणली होती.

"तुझी आवस घरात नाय, म्हणान हयच देतंय. माझ्यासमोर पी, बाय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, शहाळा चलता मा? आई कधी देणा नाय."

माझ्या आधी काकीच बोलली. "चलता म्हणजे? तुझ्या मावशीनच लिवलेला आसा. आमच्या भितीर कागद आसा तिचो. कुठल्याय आजारात चलता."

मी लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते ते आठवत नाही. मी म्हटलं, "चलता गो. बाटलीतना तेवढा काड म्हणजे झाला."

ती पाच महिन्यांनी शहाळं प्यायली. पेल्यात ओतून, मोजून, डोळे मिटून. मग तोच पेला बाटलीतल्या पाण्याने भरून तुळशीत ओतला. दुपारी जेवल्यावर दुसरं. पुन्हा पेला, पुन्हा तुळस. बाटली दुपारीच संपली आणि तिने ती उलटी करून मला दाखवली. तिच्या हिशोबात कुठेही चूक नव्हती.

चारच्या पुढे ती म्हणाली, "मावशी, माझे पाय माझे नाय तसे वाटतत."

मी म्हटलं, बसून बसून मुंग्या आल्या असतील, जरा चाल. ती उठली आणि परत बसली. ओठांना पण काहीतरी होतंय, म्हणाली. आवाज बारीक झाला होता. मी ताईला फोन लावला तेव्हा ते दोघं कुडाळ सोडून वालावलच्या रस्त्याला लागले होते. ताई अंगणात आली, आणि पहिल्यांदा तिने जे पाहिलं ते म्हणजे पायरीपाशी पडलेली दोन रिकामी शहाळी.

"कोण पियाला?"

मी सांगितलं.

ताईने मुलीला उचललं, ओमनीत घातलं. मी पुढे बसले. कुडाळला हृदयाचा आलेख काढला. डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि उभ्याउभ्याच इंजेक्शन सांगितलं. त्यांनी मला तो आलेख दाखवला, उंच टोकं, तंबूसारखी. शहाळ्याच्या पाण्यातल्या पोटॅशियमने ती वर चढली होती. "आणखी उशीर झाला असता तर मला ही रेघ सरळ दिसली असती," असं ते म्हणाले, आवाज न चढवता. मग रुग्णवाहिका, आणि गोवा, आणि रविवार असूनही यंत्र लावलं गेलं. रुग्णवाहिकेत ताई तिच्या डाव्या हातावर तळवा ठेवून बसली होती. सगळ्या रस्त्याने ती थरथर तपासत होती.

सोमवारी सकाळी मुलगी उठून बसली आणि तिने चिकटपट्टी स्वतः काढली. मी व्हरांड्यात होते. सिस्टर बाहेर आली, माझ्याशेजारी उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं. "आयतार सांबाळ म्हण सांगिल्लें न्ही?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी ताईला सांगितलं की हृदयावर ताण आला आहे, ते दोन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. ताई म्हणाली, मोजू. परतताना गाडीत मुलगी झोपल्यावर ती माझ्याशी बोलली.

"चूक तुझी एकटेची नाय. मी पाच म्हयने हसून शहाळी घेतलंय. एकाक तरी सांगलं असतंय, तर वाडीक कळला असता."

"मी काकीक सांगतंय," मी म्हटलं.

"नको. ती जीव देयत."

मी तरी गेले. मंगळवारी दुपारी काकी पडवीत विळीवर नारळ खवत होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं, आधी माझं, मग तिचं. तिचे हात थांबले.

"माझ्या हातान?"

"माझ्या शब्दान, काकी. तुमी वाचलास तसा केलास."

तिने विळी बाजूला सारली. मग उठून आत गेली. कालनिर्णयाशेजारचं पत्रक खिळ्यासकट काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्यां घे. आणि दुसरा लिव. माका बाकीचा काय समाजत नाय, पण लिवलेला आसा तर मी ऐकतंय. म्हणान बरा लिव."

मी त्याच आठवड्यात तळेऱ्याच्या घरी गेले. बाबांसमोर नवीन मजकूर ठेवला. मथळा होता, 'आधी विचारा'. खाली, किडनीच्या आजाऱ्याला शहाळं, केळं, फळांचा रस देऊ नका, का देऊ नये, आणि दुसऱ्या आजारात काय चालतं ते त्या घरातल्या माणसाला विचारा.

बाबांनी चष्मा वर केला. "विचारा? ही काय घोषणा झाली? ह्याका जोर नाय."

"जोर असलेला लिवलंय मी आधी, बाबा. तुमी दोनदा वाचलास."

चष्मा पुन्हा खाली आला. मग त्यांनी मजकूर पुन्हा वाचला, पेन्सिलीने दोन वाक्यं लहान केली आणि एक वाक्य वाढवलं: 'याआधीच्या पत्रकात आमची चूक झाली होती.' आमच्या घरातून निघालेल्या कुठल्याही पत्रकात असं वाक्य याआधी आलेलं नव्हतं. घड्या घालायला या वेळी ताई आली नाही, तिला वेळ नव्हता. मुलीने घातल्या. तिच्या घड्या आईसारख्या सरळ आहेत.

ताईनेही एक गोष्ट केली. ओसरीवर, चपला काढतात तिथे, तिने ती यादी लावली. कपाटाच्या आतून काढून बाहेर. पहिल्या रविवारी दोन माणसं ती वाचून पिशवी सायकलला तशीच ठेवून आत आली. एकाने दुखावून विचारलं, "म्हणजे आमी इतके दिवस आणलेली शहाळी?" ताई म्हणाली, "घोवान पियाली." भावोजी आतून म्हणाले, "आणि बरी व्हती." ते गृहस्थ हसले, आणि तिथून पुढे ते सोपं होत गेलं.

काकी त्या रविवारी आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी आली, रिकाम्या हातांनी. आमच्याकडे बाईमाणूस असं येत नाही, तिला चालताना हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आज काय चलता गो बाय तुका?"

मुलगी बाटलीकडे बघून म्हणाली, "गजाली चलतत."

काकी आत आली आणि तासभर गप्पा मारत बसली. पाडेली माडावर चढला आणि वर जाऊन त्याला आठवलं की कोयता खालीच राहिला, ही गोष्ट तिने हातवारे करून सांगितली. गजालींना बाटलीतलं काही काढावं लागत नाही. त्यानंतर दर रविवारी ती येते. कधी मुलीच्या केसांत माळायला अबोलीचा वळेसर आणते, कधी नाही.

हे लिहिते आहे तेव्हा ते दोन महिने अजून पुरे व्हायचे आहेत. पाच रविवार गेले, रक्ताचे आकडे बरे आहेत. ऑपरेशनची तारीख मिळेल की नाही ते पुढच्या रविवारांवर आहे. माझं जुनं पत्रक मी जिथे जिथे लावलं होतं तिथे जाऊन काढते आहे, पण ते किती हातांतून कुठे गेलं याची नोंद माझ्याकडे नाही. ते चांगलं पसरलं होतं.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. औषधाच्या दुकानात, केशकर्तनालयात, कुणाच्या कालनिर्णयाशेजारी 'आजाऱ्याला बाटली नको, शहाळं द्या' असा कागद दिसला, तर मालकाला सांगून तो काढा. का काढता आहात तेही सांगा, कारण ताईसारखं हसून गप्प राहिल्याने काय होतं ते तुम्ही आता वाचलं आहे. आणि या रविवारी कोणाला बघायला जाणार असाल, तर पिशवी भरण्याआधी त्या घरी एक फोन करा आणि विचारा, काय चालतं.